टोपीचीं पिस्तुलें व त्यांवरील नांवें

जुन्या कागदाची परीक्षा कशी करावी याविषयीं आपल्याकडे पुष्कळ ऊहापोह झाला आहे. कागदाची जात, शाई, अक्षराचें वळण, शिक्का, मायना, तिथि आणि वार यांचा मेळ बसतो कीं नाहीं हें पाहिल्यावांचून कोणीहि जाणता संशोधक एखादें पत्र पेशवाईंतलें म्हणून पदरांत घेत नाहीं. परंतु त्याच वाड्यांतून, त्याच माळ्यावरून, कित्येकदां त्याच बासनांत गुंडाळलेलें एखादें पिस्तूल निघालें, तर त्याची परीक्षा मात्र घरांतील वडील मनुष्याच्या सांगण्यावर भागविली जाते. "हें खर्ड्याच्या लढाईंतलें," "हें बापू गोखल्यांच्या पथकांतल्या आमच्या मूळ पुरुषाचें," असें कोणी सांगितलें कीं तशी चिठ्ठी त्या पिस्तुलास बांधली जाते. आणि दहा वर्षांनीं ती चिठ्ठीच पुरावा होऊन बसते. प्रस्तुत लेखांत या चिठ्ठ्यांचा विचार करावयाचा आहे, व तोहि मुख्यतः टोपीच्या, म्हणजे गांवोगांव ज्यांस केपाचीं म्हणतात त्या, ठासणीच्या पिस्तुलांपुरता.

या विचारासाठीं पुण्याच्या वायव्येचा व उत्तरेचा टापू घेतला आहे. पवना, इंद्रायणी, भामा व भीमा या नद्यांच्या खोऱ्यांतलीं चिंचवड, देहू, तळेगांव, वडगांव, चाकण, खेड हीं गांवें एका बाजूस बोरघाटाच्या व दुसऱ्या बाजूस जुन्नरच्या वाटेवर पडतात. यामुळें पुण्यावर चालून येणारें किंवा पुण्याहून निघणारें सैन्य या ना त्या काळीं येथून गेलें आहे. आज याच टापूस औद्योगिक पट्टा म्हणतात. शस्त्रांच्या इतिहासाच्या दृष्टीनें हा टापू सोईचा आहे, कारण बंदुकीच्या कळीच्या ज्या तीन अवस्था, त्यांपैकीं प्रत्येकीचा काळ येथील ठळक प्रसंगांनीं ठरवितां येतो.

पहिली अवस्था तोड्याची. सोऱ्यांत भिजवून वाळविलेली दोरी, म्हणजे तोडा, धुमसत ठेवावयाचा. चाप ओढला कीं तो कानापाशीं असलेल्या रंजकेवर टेकावा व आंतील बार उडावा, अशी ही साधी योजना. शाएस्तेखानानें १६६० च्या जून महिन्यांत चाकणच्या किल्ल्यास वेढा घातला व फिरंगोजी नरसाळ्यानें तो ऐन पावसाळ्यांत सुमारें पंचावन्न दिवस लढविला, तेव्हां दोन्ही बाजूंच्या शिपायांच्या हातांत होत्या त्या या तोड्याच्या बंदुका. पावसांत तोडा विझतो व रंजक भिजते, ही अडचण उभयपक्षीं सारखीच होती. अखेरीस ऑगस्टांत बुरूज उडाला तो सुरुंगानें. पिस्तूल हें हत्यार या अवस्थेंत फारसें संभवत नाहीं. कमरेस खोंचावयाच्या हत्याराला पेटता तोडा लावून घोड्यावर बसणें हें किती धोक्याचें, हें सांगावयास नको. म्हणून 'फिरंगोजीच्या वेळचें पिस्तूल' अशी चिठ्ठी दिसली कीं परीक्षकानें तेथेंच थबकावें.

दुसरी अवस्था गारेची, म्हणजे चकमकीची. घोड्याच्या तोंडांत गारेचा तुकडा. तो पोलादी झडपेवर आपटून ठिणग्या पडावयाच्या व झडप उघडून रंजक पेटावयाची. इंग्रजांचें सैन्य १७७९ च्या जानेवारींत बोरघाट चढून आलें तेव्हां त्याच्या हातांत याच बंदुका होत्या. कार्ल्यापाशीं ४ जानेवारीस कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपला इष्टूर फांकडा, पडला. ९ तारखेस सैन्य तळेगांवास पोंचलें. ११ तारखेच्या रात्रीं जड तोफा तेथील तळ्यांत लोटून, सामान जाळून त्यानें माघार घेतली, आणि वडगांवास त्यास शरण यावें लागलें. अशा पळापळींत किती बंदुका व पिस्तुलें आसपासच्या गांवांत राहिलीं असतील याची कल्पनाच करावी. तशी एखादी आज हातीं आली तर ती ओळखण्याचें साधन नाणेसंग्राहकांच्या परिचयाचें आहे. मुंबई इलाख्यासाठीं बर्मिंगहॅम येथें १७९१ व १७९४ सालीं पाडलेल्या तांब्याच्या पैशांवर हृदयाच्या आकाराची, चार भाग पाडलेली व माथ्यावर इंग्रजी चाराच्या आंकड्यासारखी खूण असलेली कंपनीची जी मुद्रा आहे, तीच मुद्रा त्या काळच्या कंपनीच्या बंदुकींच्या कळीवर ठोकलेली असे. शेजारीं पुष्कळदां कारागिराचें नांव व वर्षहि असे. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तिच्या जागीं मुकुट धरून उभा राहिलेला सिंह आला. तेव्हां हृदयाची मुद्रा असलेली कळ व सिंहाची कळ यांच्या काळांत स्पष्ट अंतर आहे, आणि सिंहाची कळ वडगांवच्या लढाईस जोडतां येत नाहीं.

तिसरी अवस्था टोपीची. तिचा उगम स्कॉटलंडांतील एका पाद्र्याच्या शिकारीच्या नादांत आहे. रंजक पेटलेली दिसतांच पाणपक्षी बुडी मारीत, त्यामुळें नेम वायां जाई; म्हणून अलेक्झांडर फोर्साइथ यानें ठोक्यासरशीं पेटणारी स्फोटक पूड वापरून रंजकेला रजा दिली व १८०७ सालीं त्या युक्तीचें पेटंट घेतलें. ही पूड तांब्याच्या इवल्याशा टोपींत बसवावी व ती टोपी नळीच्या बुडाशीं असलेल्या पोकळ खुंटीवर चढवावी, ही सुधारणा त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांतली. तिचें श्रेय अनेकांनीं आपल्याकडे घेतलें आहे. त्यांतील जोशुआ शॉ हा इंग्रज चित्रकार अमेरिकेंत जाऊन राहिला व १८२२ सालीं त्यानें तेथें पेटंट मिळविलें. इंग्लंडांत वुलिच येथें १८३४ मध्यें दोन्ही प्रकारच्या बंदुकींनीं प्रत्येकीं सहा हजार बार काढून पाहिले, तेव्हां गारेच्या बंदुका ९२२ वेळां फसल्या आणि टोपीच्या फक्त ३६ वेळां. मावळच्या पावसाची ज्यास ओळख आहे त्यास या आंकड्यांवर भाष्य नको. इंग्लंडच्या पायदळास टोपीची सुधारलेली बंदूक मिळाली ती १८४२ च्या नमुन्याची, आणि कंपनीच्या फौजांत हें नवें हत्यार सरसकट पसरलें तें त्याच दशकांत.

आतां सन ताडून पाहूं. खर्ड्याची लढाई १७९५ ची. बापू गोखले १८१८ च्या फेब्रुवारींत आष्टीस पडले. चाकणचा किल्ला इंग्रजांनीं घेतला तोहि १८१८ सालींच. म्हणजे पेशवाई संपली तेव्हां टोपीची कळ विलायतेंतसुद्धां नवलाईची वस्तु होती. त्यानंतरच्या वीस वर्षांत एखाद्या साहेबानें एखाद्या सरदारास लंडनच्या उंची कारागिराची टोपीची जोडी नजर केली असेल, हें संभवतें. पण पेशव्यांच्या पथकांतल्या शिपायाच्या कमरेस टोपीचें पिस्तूल असणें संभवत नाहीं. टोपीच्या पिस्तुलास बांधलेली पेशवाईची चिठ्ठी एक तर खोटी, नाहीं तर अर्धवट खरी असली पाहिजे. ती अर्धवट खरी कशी असूं शकते, हें पुढें येईल.

तत्पूर्वीं कागदपत्रें जमविणाऱ्यांसाठीं शब्दांविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. या विद्येंतले आपले शब्द ज्या थरांनीं आले त्या थरांतून काळहि दिसतो. तोडा, कान, गज, घोडा हे घरचे किंवा घरच्यासारखे झालेले. पिस्तूल आणि काडतूस हे पोर्तुगीजांकडून आलेले. केप हा सरळ इंग्रजी 'कॅप'. यास्तव पेशवाईंतल्या तिथीच्या यादींत 'केपाची बंदूक' असा उल्लेख आढळला, तर ती यादी मागाहून लिहिलेली किंवा नक्कल करतांना सुधारलेली आहे, असें बेलाशक समजावें. उलट एक फसवी जागा आहे. आपल्या जुन्या कागदांत 'टोपीकर' म्हणजे फिरंगी, इंग्रज, वलंदेज असे टोपी घालणारे लोक. 'टोपीकराची बंदूक' म्हणजे युरोपियन घडणीची बंदूक. ती तोड्याची असेल, गारेची असेल, पण तिच्यावर टोपी बसते असा तिचा अर्थ नव्हे. टोपी माणसाच्या डोक्यावरची आहे, बंदुकीच्या नव्हे. एवढें ध्यानांत ठेवलें तर सतराव्या शतकांत टोपीच्या बंदुका शोधण्याचे श्रम वाचतील.

आतां अर्धवट खऱ्या चिठ्ठीकडे वळूं. टोपीची सोय कळल्यावर जुन्या गारेच्या बंदुका फेंकून देण्याचें कारण नव्हतें. नळी तीच, कुंदा तोच, कळीची आंतली रचना तीच. बाहेरचा भाग तेवढा बदलला कीं काम झालें. अशीं 'फिरविलेलीं' हत्यारें जगभर आहेत, व आपल्याकडील वाड्यांतून जें निघतें त्यांत त्यांचा भरणा बराच असणार. तीं ओळखणें कठीण नाहीं. गारेच्या कळीवर रंजकेची वाटी, पोलादी झडप व झडपेची कमान असे तीन भाग बाहेर असतात. ते काढले कीं कळीच्या पत्र्यावर त्यांच्या स्क्रूंचीं भोकें राहतात. कारागिरानें तीं बुजविलीं, तरी बुजविलेल्या लोखंडाचा रंग निराळा दिसतो. कानाच्या जागीं आडवें पंचपात्रासारखें जाड नळकांडें बसवून त्यावर टोपीची खुंटी उभी केलेली असते. घोडा नवा असतो, आणि पत्र्यावरील नक्षी घोड्यावरील नक्षीशीं जुळत नाहीं. असें पिस्तूल हातीं आलें तर घराण्याची दंतकथा एकदम टाकून देऊं नये. नळी खरोखर पेशवाईंतली असेल. नातवानें किंवा पणतवानें तिला टोपी लावून घेतली असेल. एकाच वस्तूंत दोन पिढ्यांचे हात असतात, आणि दोन्ही खरे असतात.

दुर्दैवानें बाजाराला एकच पिढी हवी असते. गारेच्या पिस्तुलाला टोपीच्या पिस्तुलाहून किंमत अधिक येते, म्हणून फिरविलेलें हत्यार पुन्हां उलटें फिरविण्याची चाल पडली आहे. नळकांडें काढावें, नवी वाटी व झडप बसवावी, आम्लानें गंज चढवावा, आणि 'अस्सल मराठी चकमकी' म्हणून विकावें. माझ्या मतें हें कागदाच्या बनावटीहूनहि वाईट. बनावट कागद निदान स्वतःपुरता खोटा असतो; येथें एका खऱ्या वस्तूचा अर्धा इतिहास खरवडून काढलेला असतो, व तो परत येत नाहीं. परीक्षकानें कानाच्या भोकांत भिंगानें पाहावें. नळकांडें बसविण्यासाठीं पाडलेले आटे तेथें राहिलेले असतात. ते मिटविणें फार अवघड.

नांवांचा प्रश्न याहून नाजूक आहे. कळीच्या पत्र्यावर इंग्रजी नांव वाचलें कीं संग्राहक त्यास कर्त्याचें नांव समजतो व त्यावरून देश, काळ, किंमत सर्व ठरवितो. या बाबतींत अमेरिकेंतील संग्राहकांचा अनुभव पाहण्याजोगा आहे, कारण टोपीचें युग, म्हणजे सुमारें १८३० पासून १८६५ पर्यंतचा काळ, तेथें गांवगन्ना लहान कारागिरांचें युग होतें. पेनसिल्व्हानिया, ओहायो, टेनेसी या संस्थानांत आपल्या गांवच्या लोहारासारखे, पण थोडे अधिक सधन, असे बंदूककार होते. ते मुख्यतः लांब बंदुका करीत, क्वचित् पिस्तूल. कुंदा ते स्वतः कोरीत. नळी कधीं घडवीत, कधीं विकत घेत. कळ मात्र बहुधा तयार आणीत. ती बर्मिंगहॅमहून आलेली किंवा फिलाडेल्फियाच्या लोखंडी सामानाच्या दुकानांतली असे, व तिच्यावर कळ करणाराचें किंवा दुकानदाराचें नांव असे. गोल्चर हें नांव असलेल्या कळी तेथें इतक्या ठिकाणच्या बंदुकींवर आढळतात कीं एका घराण्यानें तेवढें काम केलें असें मानणारा नवखा संग्राहक हंसें करून घेतो. तेथील जाणते लोक कळीवरील नांव दुय्यम धरतात, नळीच्या माथ्यावरचें नांव मुख्य धरतात. आणि नांवच नसेल तर कुंद्याचा बांक, पितळी बसवण्यांचा आकार व नक्षीची धाटणी यांवरून जिल्हा ठरवितात. मग त्या जिल्ह्याचीं कर-पत्रकें, मृत्युपत्रें, खानेसुमारी व जुन्या वृत्तपत्रांतील जाहिराती धुंडाळून माणूस शोधतात. म्हणजे शस्त्र हातांत घेऊन ते अखेर दप्तरांतच शिरतात.

खोट्या नांवाचा मासलाहि तेथलाच प्रसिद्ध आहे. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर यानें मुठींत मावेल असें आंखूड, मोठ्या तोंडाचें टोपीचें पिस्तूल प्रचारांत आणलें. लिंकनचा खून १४ एप्रिल १८६५ रोजीं झाला तो याच प्रकारच्या पिस्तुलानें. मागणी वाढतांच त्याच्याच कारखान्यांतून फुटलेले कारागीर त्याच्या नांवाचा ठसा आपल्या मालावर ठोकूं लागले. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका व्यापाऱ्यावर डेरिंजरास फिर्याद करावी लागली, व कॅलिफोर्नियाच्या वरिष्ठ न्यायालयानें १८६५ मध्यें तिचा निकाल त्याच्या बाजूनें दिला. आणखी एका मंडळीनें तर जॉन डेरिंजर नांवाच्या एका शिंप्यास भागीदार करून घेतलें, अशी हकीकत सांगतात. म्हणजे ठशावरचें आडनांव कायद्यानेंहि खोटें ठरूं नये! शिंप्याच्या नांवाचीं पिस्तुलें आज संग्रहांत आहेत आणि त्यांसहि चांगली किंमत येते.

असलें अमेरिकन पिस्तूल आपल्या टापूंत यावें कसें, अशी शंका येईल. गांवच्या बंदूककाराचें काम येथवर येण्याचा संभव अगदींच थोडा. परंतु एक वाट निश्चित उघडी होती. सॅम्युएल कोल्ट यानें लंडनच्या पिम्लिको भागांत १८५३ सालीं कारखाना घातला व तो तीन-चार वर्षें चालविला. तेथें झालेलीं सहा बारांचीं फिरत्या कोठ्याचीं टोपीचीं पिस्तुलें इंग्रज अधिकाऱ्यांनीं १८५७ च्या धामधुमींत पुष्कळ वापरलीं. पुणें व खडकी हीं लष्करी ठाणीं असल्यामुळें तेथील अधिकाऱ्यांच्या मागें राहिलेल्या सामानांतून असें एखादें पिस्तूल आसपासच्या घरांत गेलें असल्यास नवल नाहीं. तें ओळखण्याची खूण म्हणजे नळीच्या माथ्यावरील पत्ता. लंडनच्या पिस्तुलावर कर्नल कोल्ट, लंडन असा पत्ता असतो व नळीवर इंग्लंडांतील परीक्षेचे ठसे असतात. कोठ्यावर जहाजांच्या लढाईचें चित्र दाबलेलें असतें. ती टेक्सासच्या आरमाराची १८४३ मधील लढाई आहे. त्या चित्रावरून पिस्तूल आंग्र्यांच्या आरमारांतलें ठरविण्याचा मोह कोणास पडूं नये म्हणून हें मुद्दाम लिहिलें.

परीक्षेच्या ठशांचा उल्लेख आलाच आहे, तर तोहि विषय थोडक्यांत सांगतों. इंग्लंडांत नळी विक्रीस काढण्यापूर्वीं तींत जादा दारू भरून बार काढून पाहावा लागे, आणि ती टिकली तर तिच्यावर ठसा पडे. लंडनचा ठसा म्हणजे मुकुटाखालीं 'जी' व 'पी' हीं गुंतविलेलीं अक्षरें आणि दुसरा मुकुटाखालीं 'व्ही'. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ सालीं निघालें, व त्याच्या ठशांत एकमेकांवर आडवे ठेवलेले राजदंड असतात. अमेरिकेंत अशी सक्ति कधींच नव्हती. आपल्याकडेहि नव्हती. म्हणून कळीवर लंडनच्या नामांकित कारागिराचें नांव आहे पण नळीच्या बुडाशीं ठसाच नाहीं, असें पिस्तूल दिसलें कीं मुंगेरची आठवण व्हावी. बिहारांतील मुंगेर येथले कारागीर एकोणिसाव्या शतकांत विलायती बंदुकींच्या हुबेहूब प्रती करण्याविषयीं नांवाजलेले होते, व गिऱ्हाइकास नांव हवें असेल तर तेंहि कोरून देत. अक्षर न समजतां कोरलेलें नांव ओळखूं येतें: एखादें अक्षर उलटें, एखादें गळालेलें, दोन शब्द एकमेकांस चिकटलेले. मोडी न जाणणाऱ्या नकलनविसाची जी गत होते तीच ही. मुंगेरचें काम म्हणून तें कमी प्रतीचें असें मात्र नव्हे. कित्येकदां घडण उत्तम असते. मुंगेरचें म्हणून नोंदविलें तर तें मोलाचें, लंडनचें म्हणून नोंदविलें तर तें लबाड.

आतां आपल्या गांवचा कारागीर. त्यानें नांव कोरलें नाहीं. नळीवर नागरी किंवा मोडी अक्षरें असलींच तर तीं बहुधा धन्याचीं, आणि ठिपक्याठिपक्यांनीं पाडलेला अंक असेल तर तो एखाद्या शिलेखान्याच्या यादींतला. या टापूच्या जवळच जुन्नर प्रांतांत ओतूरनजीक अंबेगव्हाण येथें थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दींत तोफेचे गोळे पाडण्याचा कारखाना होता, हें पेशवे दप्तरावरून ज्ञात आहे. सरकारी कारखान्याचा असा जमाखर्च तरी उरतो. परंतु गारेची कळ फिरवून टोपीची करणारा लोहार, घोड्याचें पोलाद पाजणारा शिकलगार, कुंदा बसविणारा सुतार, म्यान व खोगीर करतां करतां पितळी बसवणीहि ओतून देणारा जिनगर, यांचा जमाखर्च कोण ठेवतो? त्यांची सही त्यांच्या कामांतच वाचली पाहिजे. कळ उघडून आंतील बाजू पाहावी. हातानें आटे पाडलेला प्रत्येक स्क्रू आपल्याच भोकांत बसतो, दुसऱ्यांत बसत नाहीं. म्हणून कारागीर स्क्रूच्या माथ्यावर व भोकाशेजारीं सारख्या खुणा करून ठेवी: एक टिंब, दोन टिंबें, एक चीर. या खुणा, कानशीच्या रेघांची दिशा, बुजविलेल्या भोकांतील धातु लोखंड कीं पितळ, लांकूड शिसवी कीं आणखी कोणतें, हें सर्व लिहून ठेवलें आणि एकाच टापूंतील वीस-पंचवीस हत्यारांचीं अशीं टिपणें शेजारीं शेजारीं मांडलीं, तर एका हाताचीं कामें आपोआप एकत्र येतील. नांव मिळणार नाहीं, पण 'चाकणकडील दोन टिंबांचा लोहार' इतकें निश्चित झालें तरी तें 'बापू गोखल्यांचें पिस्तूल' याहून अधिक खरें ज्ञान आहे.

हें काम अवघड झालें आहे त्याचें एक कारण कायदा. १८५७ च्या २८ व्या आक्टानें हत्यारें व दारूगोळा यांची आयात, घडण व विक्री यांवर बंधन आलें. १८६० च्या ३१ व्या आक्टानें तें पुढें चाललें. आणि लॉर्ड लिटनच्या काळीं १८७८ चा ११ वा आक्ट झाला, त्यानें परवान्यावांचून हत्यार बाळगणेंच गुन्हा ठरविलें. कांहींनीं हत्यारें जमा केलीं, कांहींनीं विहिरींत टाकलीं, कांहींनीं पेवांत व माळ्यांवर दडविलीं. बंदूककाराचा धंदा बसला. त्याच सुमारास, १८६९ मध्यें, खडकीस सरकारी दारूगोळ्याचा कारखाना निघाला आणि लष्कराच्या हातांतून टोपी जाऊन काडतूस आलें. पण टोपी मेली नाहीं. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठीं शेतकऱ्यास परवान्यावर मिळे ती ठासणीचीच बंदूक; म्हणून खेड-मावळांतल्या गांवांत केपा लष्करानें टाकल्यावर कित्येक वर्षें वापरांत राहिल्या. यावरून कालनिर्णयाचा एक नियम निघतो. टोपीची कळ हत्यार १८२० च्या पूर्वींचें नाहीं हें सिद्ध करते. तें केव्हां नंतरचें नाहीं, हें ती मुळींच सांगत नाहीं.

त्याच कायद्यानें संशोधकावर एक उपकारहि केला आहे, व कागद जमविणाऱ्यांनीं येथें कान द्यावा. परवाना हा दस्तऐवज आहे. त्यांत धन्याचें नांव, गांव, हत्याराचें वर्णन व मुदत हीं येतात. एकाच घराण्याचे लागोपाठचे परवाने मिळाले तर एका हत्याराचा पन्नास वर्षांचा प्रवास साल धरून सांगतां येतो. पण वाड्यांतील वस्तूंची वांटणी होते ती अशी: पोथ्या व मोडी कागद घेणारा गृहस्थ छापील इंग्रजी नमुन्याचे परवाने रद्दी समजून टाकतो, आणि हत्यार घेणारा फडकें सोडून आंतले कागद तेथेंच ठेवतो. दोघेहि आपापल्या परीनें संग्राहक, आणि दोघांच्या मधून वस्तूची ओळख गळून पडते.

अलीकडे तर वस्तूच गळून पडत आहे. पिंपरीस १९५४ मध्यें पेनिसिलिनचा कारखाना निघाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. पुढें चाकणपर्यंत मोटारींचे कारखाने उभे राहिले. जमिनीचे भाव चढले तसे जुने वाडे उतरले. वाडा उतरतांना तुळया, दरवाजे व कोरीव खांब यांस गिऱ्हाईक असतें. गंजलेली नळी व मोडकी कळ हीं भंगारांत जातात व किलोच्या भावानें वजन होऊन भट्टींत वितळतात. केसाच्या जाडीइतकी चूक मापून काढणारीं यंत्रें ज्या टापूंत रात्रंदिवस चालतात, तेथें दीडशें वर्षांपूर्वीं हातकानशीनें घडविलेल्या कळीचें माप घेण्यास कोणी नसावें, हें विचित्र खरें. दिनकर केळकरांसारख्या एखाद्यानें दिव्यांपासून शस्त्रांपर्यंत सर्व वेंचलें व १९७५ मध्यें तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला, म्हणून पुण्यास तुलनेसाठीं निदान एक जागा आहे.

ज्यांच्या हातीं असें हत्यार येईल त्यांस दोन-तीन गोष्टी सांगणें कर्तव्य आहे. प्रथम, तें भरलेलें आहे असें धरूनच हातांत घ्यावें. भरून ठेवलेला बार तसाच राहून गेला आहे, असें जुन्या ठासणीच्या हत्यारांत वारंवार आढळतें. नळीचें तोंड दूर धरून आंत लांकडी काडी हलकेच घालावी, आणि काडी जितकी आंत गेली तेवढें माप बाहेरून नळीवर धरावें. तें कानापर्यंत पोंचलें नाहीं तर आंत कांहीं आहे, व पुढचें काम जाणत्याचें. दुसरें, १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमानें जुन्या घडणीच्या, पुरातन म्हणून मोलाच्या किंवा नादुरुस्त हत्यारास सूट आहे खरी, परंतु तें दुरुस्त करूनहि बंदूक म्हणून वापरतां येऊं नये, अशी अट आहे. टोपीचें पिस्तूल बहुधा दुरुस्त होऊं शकतें. तेव्हां 'जुनें आहे' एवढ्यावर विसंबून न राहतां पोलिसांकडून लेखी उलगडा करून घ्यावा. सूट मिळावी म्हणून नळींत भोक पाडण्याची किंवा ती चिरण्याची घाई मात्र करूं नये. सरकारी वस्तुसंग्रहालयास देणें त्यापेक्षां पुष्कळ बरें. शंभर वर्षांवरील अशी वस्तु १९७२ च्या कायद्यान्वयें पुरावस्तु ठरते व ती खासगी रीतीनें परदेशीं पाठवितां येत नाहीं, हेंहि परदेशस्थ गिऱ्हाइकांच्या पत्रांस उत्तर देण्यापूर्वीं ध्यानांत घ्यावें. तिसरें, वाळूकागद व चिंच यांपासून हात दूर ठेवावा. घांसून लखलखीत केलेल्या नळीवरून ठसा, नांव, ठिपक्यांचा अंक सर्व जातें.

आणखी एक गोष्ट वांटणीपत्रें वाचणाऱ्यांसाठीं. उंची पिस्तुलें जोडीनें घडविलीं जात, आणि विलायती कारागीर पुष्कळदां त्यांवर १ व २ असे अंक घालीत. भावाभावांची वांटणी झाली कीं जोडी फुटे. एका शाखेच्या यादींत 'पिस्तूल १' व दुसरीच्या यादींत 'पिस्तूल १' असें येई. येथें यादींतला एक हा नगाचा आहे, पिस्तुलावरचा अंक निराळा. तेव्हां एखाद्या घरीं टोपीचें पिस्तूल निघालें व त्याच्या नळीच्या बुडाशीं दोनाचा अंक दिसला, तर त्या घराण्याची वंशावळ काढावी, वांटणी कोणत्या सालीं व कोणांत झाली तें पाहावें, आणि थोरल्या पातीच्या वाड्याचा माळा, तो अद्याप उभा असल्यास, उतरण्यापूर्वीं पाहून घ्यावा.